उन्माद, विषाद आणि काळ : मेंदू खरोखर झिजत जातो का?

बंगळुरूच्या निम्हान्स आणि एनसीबीएस या दोन संस्थांनी मिळून २०२३ मध्ये 'सेंटर फॉर ब्रेन अँड माइंड' हे केंद्र सुरू केले. पाच मानसिक आजारांचा दीर्घकाळ मागोवा घेणे हे त्याचे काम असून त्या पाचांत बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे द्विध्रुवीय विकार, आहे. या कामाचा पाया २०१६ पासून घातला जात होता. एकाच घरातील अनेक व्यक्तींना मानसिक आजार आहे अशी कुटुंबे निवडायची, रुग्णांबरोबर त्यांच्या निरोगी भावंडांचीही तपासणी करायची, मेंदूची चित्रे घ्यायची, रक्तपेशींपासून मूलपेशी व त्यांपासून चेतापेशी तयार करायच्या आणि काही वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा भेटायचे, अशी ही पद्धत आहे. या पद्धतीतला सर्वांत महाग आणि सर्वांत मोलाचा घटक यंत्र नव्हे. 'काही वर्षांनी पुन्हा' हे शब्द होत. असे का, हे समजण्यासाठी सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

प्रश्न साधा आहे. या विकारात माणूस काही काळ उन्मादात असतो : झोप नकोशी होते, विचार धावू लागतात, पैसा व शब्द दोन्ही वारेमाप खर्च होतात. काही काळ तो खोल नैराश्यात असतो. मध्ये कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे, तो पूर्णपणे पूर्ववत असतो. मग प्रत्येक आवर्तनानंतर मेंदू खरोखर मूळ जागी परततो, की दर वेळी थोडा थोडा बदलत जातो? हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. 'बायपोलरमुळे मेंदू आकसतो' असे वाक्य भ्रमणध्वनीवर वाचून विशीतला विद्यार्थी हताश होऊ शकतो, आणि 'आता बरे वाटते आहे, मेंदूला काही झालेले नाही' असे समजून औषध बंदही करू शकतो. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. ते कसे चुकतात हे दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे.

१८५४ साली पॅरिसमध्ये झाँ-पिएर फाल्रे आणि ज्यूल बायार्जे या दोन वैद्यांनी, जवळजवळ एकाच वेळी, एक गोष्ट नोंदवली. उन्माद आणि विषाद हे दोन वेगळे रोग नसून काही रुग्णांत ते एकाच रोगाचे दोन चेहरे असतात. फाल्रे यांनी त्याला 'वर्तुळाकार वेड' म्हटले. बायार्जे यांनी 'दुहेरी स्वरूपाचे वेड'. शोध प्रथम कोणाचा यावरून दोघांत वादही झाला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, रुग्णाला एकदाच पाहणाऱ्याला हा रोग दिसूच शकत नव्हता. वर्तुळ पाहायचे तर वर्तुळ पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते.

त्या काळी आपल्याकडे काय होते? आज मी जेथून लिहितो ते भिलाईजवळचे जुनवानी १८६१ पासून ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात मोडत होते, राजधानी नागपूर. १८५८ च्या कायद्यानंतर देशभर 'वेड्यांची इस्पितळे' उभी राहिली. मध्य प्रांताची इस्पितळे नागपूर आणि जबलपूर येथे होती. या इस्पितळांचे वार्षिक अहवाल छापले जात आणि त्यांत रुग्णांची विभागणी 'मेनिया', 'मेलँकोलिया', 'डिमेन्शिया' अशा रकान्यांत होई. रकाना वर्षाअखेरीची स्थिती सांगतो, वाटचाल सांगत नाही. एखादा माणूस एका वर्षी उन्मादात दाखल झाला, बरा होऊन गेला आणि तीन वर्षांनी विषण्ण होऊन परतला, तर तक्त्यात तो दोन निरनिराळ्या रोगांचे दोन रुग्ण म्हणून उमटणार.

कारणाच्या रकान्याची कथा तर अधिक बोधप्रद आहे. वेडाचे कारण म्हणून गांजाचे नाव इतक्या वेळा लिहिले जाई की सरकारने १८९३ मध्ये गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. आयोगाने इस्पितळांतील एका वर्षाची प्रकरणे एकेक करून उलगडली तेव्हा असे आढळले की, पोलिसांच्या कागदावर जे कारण आले तेच पुष्कळदा पुढे उतरवले जात होते, कारण रकाना रिकामा ठेवायचा नव्हता. गांजामुळे म्हणून नोंदलेल्या प्रकरणांपैकी निम्म्याहून अधिक प्रकरणांत आयोगाला तो निष्कर्ष मान्य करता आला नाही. अधूनमधून उसळणारा आणि आपोआप शमणारा उन्माद ज्याने वर्षानुवर्षे पाहिलेला नाही, त्याला नजीकचे कोणतेही कारण पुरेसे वाटते.

वाटचाल पाहण्याचे काम जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी केले. प्रत्येक रुग्णाचे एक पत्रक, त्यावर लक्षणांबरोबर पुढील वर्षांची हकिकत, अशी त्यांची शिस्त होती. या पत्रकांच्या बळावर १८९९ च्या आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत त्यांनी मोठी रेघ ओढली. एका बाजूला, ज्यात बुद्धी व व्यक्तिमत्त्व ढासळत जाते तो आजार, ज्याला पुढे स्किझोफ्रेनिया हे नाव मिळाले. दुसऱ्या बाजूला उन्माद-विषादाचे वेड, ज्यात माणूस बहुधा पुन्हा सावरतो. क्रेपेलिन यांचे सहकारी अलॉइस आल्त्सहायमर यांना स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली ठळक खुणा सापडल्या. उन्माद-विषादात तशी कोणतीही खूण मिळाली नाही. यातून एक समज रूढ झाला आणि तो विसाव्या शतकाचा बराच काळ टिकला : हा आजार मेंदूतून वादळासारखा जातो आणि घर जसेच्या तसे उभे राहते. 'बायपोलर' हे नाव अधिकृत वर्गीकरणात १९८० साली आले, तरी हा समज तोच होता.

दरम्यान १९४९ हे वर्ष उजाडले. त्या एका वर्षात जगाच्या दोन टोकांना दोन निबंध प्रसिद्ध झाले.

पहिला मुंबईचा. केईएम रुग्णालयाशी संबंधित हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम ५० रुग्णांवर पडताळून 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला. सर्पगंधा आपल्याकडे वेडावरची मुळी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती आणि कोलकात्यात सेन व बोस यांनी १९३१ मध्येच तिच्या दोन्ही गुणांविषयी लिहिले होते. वकिलांच्या निबंधाने तिला जगाचे दार उघडले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पीन वेगळे करण्यात आले. पुढे असे दिसले की रेसर्पीन मेंदूतील सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन व डोपामिन यांचे साठे रिकामे करते, आणि ते घेणाऱ्या रक्तदाबाच्या काही रुग्णांत खिन्नता येते, अशा नोंदी झाल्या. या दोन गोष्टी जोडून 'मनःस्थिती म्हणजे मेंदूतील रसायनांची पातळी' हा विचार जन्मला. नंतरच्या फेरतपासणीत रेसर्पीन व नैराश्य यांचा दुवा वाटला होता त्यापेक्षा पुष्कळच सैल ठरला. तरीही विचार रुजला होता. त्याची मर्यादा अशी की पातळी ही या क्षणाची गोष्ट असते. पातळी पूर्ववत झाली की सारे पूर्ववत झाले, हे त्यात गृहीतच धरलेले होते.

दुसरा निबंध मेलबर्नचा. डॉ. जॉन केड यांनी लिथियमचे क्षार उन्मादाच्या दहा रुग्णांना दिले आणि विलक्षण उतार पडल्याचे कळवले. लिथियम हे आवर्तसारणीतील तिसरे मूलद्रव्य. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत जी मोजकी अणुकेंद्रके घडली त्यांत त्याचाही अल्प अंश होता. इतके साधे औषध मनोवैद्यकात दुसरे नाही. पण केड यांच्या पहिल्याच रुग्णाची कथा सावधपणे वाचावी. पाच वर्षे उन्मादात असलेला हा मध्यमवयीन गृहस्थ लिथियमने बरा होऊन घरी गेला, त्याने औषध सोडले, आजार उलटला. पुन्हा औषध सुरू झाले आणि १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेने त्याचा अंत झाला. लिथियमची उपयुक्त मात्रा व घातक मात्रा यांत अंतर थोडे असते. ते सांभाळता येऊ लागले ते रक्तातील प्रमाण ज्वालेच्या रंगावरून मोजण्याची भौतिक पद्धत वापरात आल्यावर. डेन्मार्कमध्ये मोगन्स स्काऊ यांनी पुढची दोन दशके खर्चून दाखवून दिले की लिथियम चालू आवर्तन शमवतेच, शिवाय येणारी आवर्तनेही टाळते. म्हणजे औषधाचा खरा परिणाम काळाच्या अक्षावर होता.

मेंदूत डोकावण्याचे साधन नंतर आले. सत्तरच्या दशकात सीटी स्कॅन आणि पाठोपाठ एमआरआय. एमआरआय हे आमच्या भौतिकशास्त्राचे अपत्य : चुंबकीय क्षेत्रात पाण्यातील हायड्रोजनची अणुकेंद्रके कशी डोलतात यावरून ऊतींचे चित्र तयार होते. १९९७ मध्ये वेन ड्रेव्हेट्स व सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवले की मनःस्थितीच्या आनुवंशिक विकारांत कपाळामागील मेंदूचा एक छोटा भाग रुग्णांमध्ये लहान असतो. 'घर जसेच्या तसे' या समजाला तडा गेला.

त्याच सुमारास एक प्रभावी कल्पना चर्चेत होती. कॅनडात ग्रॅहम गोडार्ड यांनी १९६९ मध्ये नोंदवले होते की उंदराच्या मेंदूला रोज दिलेला क्षीण विद्युत्‌स्पर्श आरंभी निरुपद्रवी असतो. पण काही दिवसांनी त्याच क्षीण स्पर्शाने झटके येऊ लागतात. अमेरिकेत रॉबर्ट पोस्ट यांनी १९९२ मध्ये ही कल्पना मनोविकारांना लावली : पहिली आवर्तने मोठ्या आघातानंतर येतात, पुढची किरकोळ कारणाने, आणि त्यापुढची विनाकारण. प्रत्येक आवर्तन पुढच्यासाठी वाट सोपी करून ठेवते.

भिलाईत वाढलेल्या विद्यार्थ्याला ही कल्पना लगेच पटेल. येथील पोलाद कारखान्यातील रूळ देशभर जातात, आणि रूळ एका गाडीच्या भाराने तुटत नाही. लाखो चाकांच्या पुनरावृत्तीने त्यात सूक्ष्म चीर वाढत जाते, याला धातूची दमणूक म्हणतात. म्हणून तर रुळांची श्राव्यातीत ध्वनीने वारंवार तपासणी होते. उपमा आकर्षक आहे, पण येथे एक पायरी जपून उतरायला हवी. पोलाद स्वतःला दुरुस्त करत नाही. मेंदू करतो. मेंदूतील जोडण्या रोज तुटतात, रोज घडतात. म्हणून रुळाचे गणित मेंदूला लागू आहे की नाही, हे उपमेने ठरत नाही, मोजावे लागते.

मोजण्याचे दोन मार्ग आहेत. खगोलशास्त्रज्ञाला ताऱ्याचे आयुष्य पाहायला अब्जावधी वर्षे मिळत नाहीत. तो एकाच रात्री निरनिराळ्या वयांचे हजारो तारे पाहतो आणि त्यांवरून एका ताऱ्याची जीवनकथा रचतो. मेंदूचे बहुतेक अभ्यास असेच झाले. यांतील सर्वांत मोठ्यांपैकी एक 'एनिग्मा' या आंतरराष्ट्रीय गटाचा, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात ६,५०३ व्यक्तींची चित्रे होती. मेंदूचे करडे बाह्यकवच, जे सरासरी अडीच मिलिमीटर जाड असते, ते द्विध्रुवीय विकारात कपाळाच्या, कानशिलाच्या व माथ्याच्या भागांत पातळ आढळले. लिथियम घेणाऱ्यांमध्ये ते तुलनेने जाड होते.

येथे थांबून एक आकडा समजून घ्यावा. सर्वांत स्पष्ट फरक सुमारे ०.३ प्रमाण विचलनाचा होता. याचा अर्थ, वितरण नेहमीचे घंटाकृती धरले तर १०० रुग्णांपैकी सुमारे ३८ जणांचे कवच सरासरी निरोगी माणसाहून जाडच असेल. फरक खरा आहे, पण तो समूहाचा आहे. एका माणसाचे चित्र पाहून त्याला हा विकार आहे की नाही, किंवा त्याचे पुढे काय होईल, हे सांगता येत नाही. जो कोणी एका स्कॅनवरून तसे सांगण्याचा दावा करील त्याच्यापासून दूर राहावे.

शिवाय तारे पाहण्याच्या पद्धतीत एक उणीव आहे. पातळ कवच आजाराने झाले, की ते जन्मापासून तसेच होते आणि म्हणून आजार झाला, हे एका चित्रातून कळत नाही. त्यासाठी त्याच माणसाचे दुसरे चित्र हवे. 'एनिग्मा'नेच २०२२ मध्ये असा अभ्यास प्रसिद्ध केला : १४ केंद्रे, ३०७ रुग्ण आणि ९२५ निरोगी व्यक्ती, प्रत्येकाची चित्रे कालांतराने पुन्हा घेतलेली. निष्कर्ष कोणत्याही एका समजाला पूर्ण अनुकूल नव्हता. मेंदूतील द्रवाच्या पोकळ्या रुग्णांत अधिक वेगाने मोठ्या होत होत्या. पण कानशिलाच्या तळाकडील दोन भागांत कवच पातळ होण्याचा वेग निरोगी लोकांपेक्षा कमी होता. आणि ज्यांना उन्मादाची आवर्तने जास्त आली, त्यांचे कवच, विशेषतः कपाळामागचे, अधिक वेगाने पातळ झाले.

म्हणजे क्रेपेलिन पूर्ण बरोबर नव्हते आणि रुळाची उपमाही पूर्ण बरोबर नाही. केवळ आजाराचे नाव लागले म्हणून मेंदू एका ठरलेल्या उतारावर घसरत नाही. बदलाचा वेग आवर्तनांशी जोडलेला दिसतो. कार्यकारणभाव अद्याप सिद्ध नाही : आवर्तनांमुळे कवच पातळ होते, की कवच पातळ होण्याची प्रवृत्तीच आवर्तने आणते, की दोन्ही एखाद्या तिसऱ्या कारणाची फळे आहेत, हे वेगळे करायला निरोगी भावंडांसह लांबचा मागोवा लागतो. बंगळुरूच्या कामाचे मोल येथे आहे.

लिथियमचेही असेच. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये ग्रेगरी मूर, हुसैनी मांजी आणि सहकाऱ्यांनी चार आठवड्यांच्या लिथियमनंतर १० पैकी ८ रुग्णांत करडे द्रव्य सुमारे ३ टक्क्यांनी वाढल्याचे कळवले. बातमी आशादायक होती. मग भौतिकशास्त्राने शंका काढली : लिथियममुळे ऊतींचा चुंबकीय प्रतिसादच किंचित बदलत असेल, तर चित्रात दिसणारी वाढ ऊतीची की संकेताची? हा प्रश्न रास्त होता आणि त्यावर काम झाले, होत आहे. पण लिथियमची उपयुक्तता चित्रावर अवलंबून नाही. ते आवर्तने टाळते आणि आत्महत्येचा धोका कमी करते, हा पुरावा चित्रांच्या आधीचा व चित्रांहून भक्कम आहे. मूलपेशींपासून बनवलेल्या चेतापेशींवरही २०१५ मध्ये असे दिसले की रुग्णांच्या चेतापेशी अतिउत्तेजित असतात आणि लिथियमने ज्या रुग्णांना गुण येतो केवळ त्यांच्याच पेशी लिथियमने शांत होतात. एकच औषध सर्वांना का लागू पडत नाही, याचे उत्तर कदाचित या वाटेने मिळेल.

आता आपल्या अंगणात येऊ. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झाले; त्यांत छत्तीसगड होते, महाराष्ट्र नव्हते. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे ०.५ टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी हा विकार होतो, आणि ज्यांना तो आहे त्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांना उपचार मिळत नाहीत. हे दोन आकडे वरच्या निष्कर्षाशेजारी ठेवून पाहा. मेंदूतील बदल आवर्तनांच्या संख्येशी निगडित असतील, तर उपचारांविना गेलेले प्रत्येक वर्ष केवळ दुःखाचे नसते. ते मेंदूच्या हिशेबातही जमा होत असण्याची शक्यता असते. आज बिलासपूरजवळ सेंदरी येथे राज्याचे मनोरुग्णालय आहे, रायपूरला एम्स आहे. रुग्णाला नागपूरपर्यंत नेण्याचा काळ मागे पडला. पहिल्या उन्मादाला 'बाहेरचे काहीतरी' किंवा 'गांजा ओढला असेल' म्हणून सोडून देण्याचा काळ मात्र अजून पुरता सरलेला नाही.

जे लिथियम घेतात त्यांच्यासाठी एक गोष्ट आमच्या हवामानाच्या संदर्भात. शरीरातील पाणी व मीठ घटले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि रक्तातील प्रमाण चढते. छत्तीसगड-विदर्भाच्या उन्हाळ्यात, किंवा जुलाब-उलट्यांत, ही गोष्ट जीवावर बेतू शकते. हात थरथरणे वाढणे, तोल जाणे, जीभ जड होणे, उलट्या होणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रक्तातील लिथियम, थायरॉइड व मूत्रपिंड यांच्या ठरलेल्या तपासण्या चुकवू नयेत. आणि बरे वाटते म्हणून औषध स्वतःहून थांबवू नये. केड यांच्या पहिल्या रुग्णाने १९४९ मध्ये दिलेला धडा आजही लागू आहे.

फाल्रे यांना वर्तुळ दिसले कारण ते थांबले. इस्पितळाच्या रकान्यांना ते दिसले नाही कारण त्यांना वर्ष संपवायचे होते. रसायनांच्या पातळीने क्षण सांगितला, एका स्कॅननेही क्षणच सांगितला. या आजारात मेंदू बदलतो. पण त्या बदलाची गती ठरलेली नाही, आणि ती जेथे वाढलेली दिसते तेथे उन्मादाची आवर्तनेही अधिक आहेत. म्हणून 'मेंदू आकसतो' ही भविष्यवाणी समजू नये. पुढचे आवर्तन टाळण्याचे ते एक कारण समजावे.

स्वतःविषयी किंवा जवळच्या कोणाविषयी काळजी वाटत असेल तर केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.